लोड : एका शब्दाची वाटचाल



परवां एका परिचितांच्या घरीं साखरपुड्याचा समारंभ होता. बैठकीच्या खोलींत गाद्या घालून मागें लोड-तक्के मांडले होते. घरांतील वयोवृद्ध आजोबांची सकाळपासून चाललेली धांदल पाहून त्यांचा कॉलेजांत जाणारा नातू प्रेमानें म्हणाला, "आजोबा, तुम्ही कशाला एवढा लोड घेतां?" आजोबांनीं एकवार मागें पाहिलें, पाठीशीं असलेला लोड थोडासा पुढें ओढला आणि ते म्हणाले, "अरे, म्हातारपणीं टेकायला तरी नको का?" सगळेजण हंसले. आपण काय बोललों आणि आजोबांनीं काय ऐकलें, हें नातवाच्या ध्यानांत येण्यास मात्र दोन घटका लागल्या.

दोघांचेंही म्हणणें बरोबर होतें. आजोबांचा लोड मराठी; त्याच्यावर शरीराचा भार टाकून विसांवा घ्यावयाचा. नातवाचा लोड इंग्रजी. तो अंगावर आला कीं विसांवा संपला. या दोन शब्दांचें परस्परांशीं कांहीं नातें नाहीं. आज मी बोलणार आहें तें दुसऱ्याविषयीं. कारण तो आपल्या घरांत पुरता रुळलेला असूनही त्याचें कुळ आपल्याला फारसें ठाऊक नाहीं.

कचेरींत कामाचा लोड असतो, मुलांवर अभ्यासाचा लोड असतो, विजेच्या तारांवर लोड येतो, आणि मालमोटार 'फुल लोड' भरून घाट चढते. याचा अर्थ काय, असें विचारलें तर कोणीही चटकन् सांगेल, "ओझें." हें उत्तर त्या शब्दाच्या उत्तर-आयुष्याला लागू आहे. त्याचा जन्म झाला तेव्हां मात्र त्याचा अर्थ ओझें असा मुळींच नव्हता. त्याचा अर्थ होता वाट.

हजार-बाराशें वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत हा शब्द 'लाड' असा दीर्घ उच्चारला जाई. वाट, मार्ग, प्रवास, आणि त्या वाटेनें होणारी ने-आण, हे त्याचे अर्थ. 'लीड' म्हणजे पुढें होऊन वाट दाखविणें, हें इंग्रजी क्रियापद याच घराण्यांतलें. वाटाड्याला जुन्या इंग्रजींत 'लाडमन' म्हणत. पुढें नौकेस बंदरांत सुखरूप घेऊन येणाऱ्या जाणत्या खलाशासाठीं तोच शब्द 'लोड्समन' झाला. ध्रुवताऱ्याला इंग्रजींत 'लोडस्टार' असें नांव आहे. चौदाव्या शतकांतील चॉसर कवीच्या काव्यांत तें आढळतें. हा कांहीं भाराचा तारा नव्हे. वाट दाखविणारा तारा. होकायंत्रास उपयोगी पडणारा लोहचुंबकाचा दगड तो 'लोडस्टोन'. तोही वजनदार दगड म्हणून नव्हे, तर दर्यावर वाट दाखवितो म्हणून. खाणींत खडकाच्या पोटांतून धातूची जी शीर धांवते तिलाही 'लोड' म्हणतात. खाणकामगारानें ज्या वाटेनें जावयाचें ती ही वाट. आणि केंब्रिजजवळच्या पाणथळ प्रदेशांत जुन्या कालव्यांना आजही 'लोड' हेंच नांव आहे. त्या पाण्याच्या वाटाच होत. जुन्या अर्थाच्या या शब्दांचें इंग्रजी स्पेलिंग पुढें निराळें झालें, म्हणून इंग्रज मनुष्यालाही हे दोन शब्द एकाच आईचीं लेंकरें आहेत हें सहसा जाणवत नाहीं.

मग वाटेचें ओझें झालें कसें? त्याचें एक कारण भाषेंतलें आहे आणि दुसरें व्यवहारांतलें.

भाषेंतलें कारण असें कीं, जुन्या इंग्रजींत माल भरणें, रचणें या अर्थाचें एक निराळेंच क्रियापद होतें. त्याचें आजचें रूप 'लेड'. पाणी उपसणें हाही त्याचा एक अर्थ होता, आणि म्हणून स्वयंपाकघरांतील पळीला इंग्रजींत 'लेडल' म्हणतात. आपल्या 'लादणें' या क्रियापदाशीं 'लेड'चा ध्वनि जुळतो, पण हें साम्य केवळ योगायोगाचें आहे; इंग्रजी शब्दाच्या आरंभीं पूर्वीं 'ह'कार होता, आणि 'लादणें' आपल्याकडे प्राकृतांतून आलेलें आहे. असो. वाट या अर्थाचा 'लोड' आणि भरणें या अर्थाचा 'लेड' हे दोन शब्द कानाला जवळचे लागल्यामुळें हळूहळू एकमेकांत मिसळले, आणि बाराव्या-तेराव्या शतकांपासून 'लोड' म्हणजे वाहून न्यावयाची वस्तु, असा अर्थ स्थिर होत गेला.

व्यवहारांतलें कारण आपल्याला समजण्यास अगदीं सोपें आहे. आपल्या भाषेंतला 'खेप' हा शब्द घ्या. "गाडीनें दोन खेपा केल्या" म्हणतांना खेप म्हणजे फेरी. "पाण्याची एक खेप आणली" म्हणतांना खेप म्हणजे त्या फेरींत आणलेलें पाणी. जाणें आणि नेलेली वस्तु यांत आपण भेद करीत नाहीं, कारण डोक्यावर हंडा घेऊन विहिरीची वाट तुडविणाऱ्या बाईला तो भेद ठाऊकच नसतो. वाट लांब तर ओझें जड! इंग्रजी 'लोड' हा एके काळीं असाच होता. त्यांत वाट होती, वस्तु होती, आणि वाहणाराही होता.

वाहणारा कोण होता, याचाही पुरावा आहे. सुमारें हजार वर्षांपूर्वींचा एक इंग्रजी लेख उपलब्ध आहे. जमीनदाराच्या इस्टेटींत राहणाऱ्या निरनिराळ्या दर्जाच्या लोकांचे हक्क आणि कर्तव्यें त्यांत सांगितलीं आहेत. बऱ्यापैकीं प्रतिष्ठा असलेल्या कुळानेंही धन्यासाठीं घोडा दौडवावा, सामान वाहून न्यावें, त्याच्यासाठीं 'लाड' करावी, असें त्यांत म्हटलें आहे. म्हणजे ती एक बांधील चाकरी होती. आपल्याकडे तिला वेठ म्हणत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील 'विष्टि' ती हीच, आणि सरकारी अंमलदाराचें बिऱ्हाड एका गांवाहून दुसऱ्या गांवास फुकट पोंचविणाऱ्या वेठबिगाराला तिची ओळख करून देण्याची गरज नव्हती.

येथें जातां जातां आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ओझ्यासाठीं इंग्रजींत 'बर्डन' हा दुसरा शब्द आहे. तो 'बेअर' म्हणजे वाहणें, सोसणें या धातूपासून निघाला. हा धातु आणि संस्कृतांतील 'भृ' हा धातु मूळचे एकच. अर्थात् आपला 'भार' आणि इंग्रजांचें 'बर्डन' हे सख्खे नसले तरी चुलत भाऊ खरेच. 'भृ'पासूनच भर्ता झाला आणि भार्याही झाली. ज्यानें पोसावयाचें तो, आणि जिला पोसावयाचें ती. संसाराच्या गाडींत प्रत्यक्ष भार कोण वाहतें याचा निवाडा मात्र व्याकरणावर सोंपवूं नये हें बरें!

आतां शब्दाच्या प्रवासाचा दुसरा टप्पा पाहूं. वस्तु वाहून नेण्याचा धंदा वाढला, बाजार वाढला, आणि 'लोड' हें एक माप बनलें. मूळचीं मापें सर्वत्र शरीरावरूनच घेतलेलीं असतात. आपल्याकडे गवताचा भारा म्हणजे एका माणसाच्या डोक्यावर बसेल इतकें गवत. गाडाभर कडबा म्हणजे एका बैलगाडींत मावेल इतका. कौटिल्यानें शंभर पलांची एक तुला आणि वीस तुलांचा एक भार असें कोष्टक दिलें आहे. इंग्लंडांतही एका गाडींत मावे तो एक लोड. परंतु व्यापाऱ्याला गाडी आणि घोडा दिसत नाहीं. त्याला आंकडा पाहिजे असतो. म्हणून आंकडे ठरले. वाळलेल्या गवताचा लोड म्हणजे छत्तीस पेंढ्या; जुनें गवत असेल तर पेंढी ५६ पौंडांची. एकूण २,०१६ पौंड, म्हणजे आजच्या हिशेबानें नऊशें किलोग्रॅमहून थोडेसें अधिक. ताज्या गवतांत ओलावा असतो म्हणून त्याची पेंढी ६० पौंडांची धरीत, आणि काडाची पेंढी ३६ पौंडांची. लांकडाचा लोड म्हणजे तासून चौकोनी केलेलें असेल तर ५० घनफूट, आणि न तासलेलें असेल तर ४० घनफूट. इंग्रजी आरमाराच्या गोदींत ओकच्या लांकडाचा हिशेब याच लोडांत होई.

एक गोष्ट लक्षांत घ्या. ज्याच्या ताकदीवरून माप निघालें तो या कोष्टकांतून नाहींसा झाला. आधीं घोड्याला झेपेल तेवढा लोड असे. मग लोड किती हें कागदावर ठरलें आणि घोड्यानें तो ओढावयाचा, असा न्याय झाला. वाट गेली, वाहणारा गेला, आणि शब्दांत केवळ वजन उरलें. ही केवळ शब्दकोशांतली घटना नाहीं. तिचे परिणाम फार भयंकर झाले, आणि ते समुद्रावर झाले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडचा सागरी व्यापार भराला आला होता. जहाजांत किती माल भरावा यावर कायद्याचें बंधन नव्हतें. मालकाची मर्जी हाच कायदा. अधिक माल म्हणजे अधिक भाडें. जहाज जुनें, कुजकें असलें तरी त्याचा विमा भरभक्कम उतरविलेला असे. तें तरलें तर नफा, आणि बुडालें तरी मालकाचें कांहीं बुडत नसे. बुडत असत ते खलाशी. अशा जहाजांना लोक 'शवपेट्या' म्हणत. आणि नोकरीचा करार केल्यावर अशा जहाजावर चढण्यास खलाशानें नकार दिला, तर त्याची रवानगी तुरुंगांत होई.

या अन्यायाविरुद्ध उभा राहिला तो सॅम्युएल प्लिम्सॉल. तो १८२४ सालीं ब्रिस्टल येथें जन्मला. तो खलाशी नव्हता. कोळशाचा व्यापारी होता, आणि धंद्यांत बुडून एकदां दारिद्र्याचे चटके त्यानें स्वतः सोसले होते. १८६८ मध्यें डर्बी शहरातर्फे तो पार्लमेंटांत निवडून आला. जहाजाच्या कुशीवर एक ठळक रेषा काढावी, आणि माल भरतां भरतां पाणी त्या रेषेला लागलें कीं भरणें थांबवावें, एवढीच त्याची मागणी होती. कल्पना कांहीं नवी नव्हती. मध्ययुगांत व्हेनिसच्या जहाजांवर अशी खूण करीत, आणि न्यूकॅसलचे जेम्स हॉल हे जहाजमालक असूनही प्लिम्सॉलच्या आधींपासून हीच गोष्ट सांगत होते. पण प्लिम्सॉलनें १८७३ मध्यें खलाशांची बाजू मांडणारें पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि घरोघर त्याची चर्चा होऊं लागली.

दोन वर्षांनीं यासंबंधीं एक बिल सभागृहापुढें आलें. २२ जुलै १८७५ रोजीं मुख्य प्रधान डिझरायली यांनीं तें तूर्त सोडून देत असल्याचें जाहीर केलें. प्लिम्सॉलचा संयम सुटला. माणसांना मरणाच्या दारीं धाडणाऱ्या जहाजमालकांना त्यानें भर सभेंत दुष्ट म्हटलें, मूठ उगारली, आणि तो सभागृहाबाहेर पडला. सभागृहाच्या अप्रतिष्ठेबद्दल त्यानें आठवड्यानें माफी मागितली. मात्र जें सांगितलें होतें त्यांतील एक अक्षरही मागें घेतलें नाहीं. लोकमत इतकें खवळलें कीं सरकारला त्याच वर्षीं तात्पुरता कायदा करावा लागला, आणि १८७६ सालीं कायमचा कायदा झाला. जहाजावर 'लोड-लाइन' म्हणजे भाररेषा काढणें सक्तीचें झालें.

पण गंमत पाहा. रेषा काढणें सक्तीचें झालें. ती कोठें काढावयाची हें मात्र मालकानेंच ठरवावयाचें होतें! एका कप्तानानें ती चक्क धुराड्यावर काढली, अशी गोष्ट सांगतात. ही पळवाट बुजण्यास आणखी चौदा वर्षें लागलीं. १८९० च्या कायद्यानें रेषेची जागा ठरविण्याचा अधिकार मालकाच्या हातून गेला. पुढें १९३० सालीं लंडन येथें आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि १९६६ च्या कराराप्रमाणें आज जगांतील मालवाहू जहाजें ही खूण अंगावर वागवितात. तीनशें मिलिमीटर व्यासाचें एक वर्तुळ, त्याच्या मध्यांतून गेलेली आडवी रेषा, आणि शेजारीं शिडीसारख्या लहान लहान रेषा. उन्हाळ्यासाठीं एक, हिंवाळ्यासाठीं एक, गोड्या पाण्यासाठीं एक. कारण गोड्या पाण्यांत जहाज अधिक बुडतें, आणि हिंवाळ्यांत समुद्र अधिक खवळतो. आरंभीच्या काळांत या शिडींत हिंदी महासागरांतील सौम्य ऋतूसाठीं 'इंडियन समर' नांवाची स्वतंत्र रेषा असे. तिची जागा आतां उष्ण कटिबंधाच्या रेषेनें घेतली आहे. मुंबईच्या बंदरांत एखादें मालवाहू जहाज जवळून पाहण्याचा योग आला, तर त्याच्या कुशीवरचें तें वर्तुळ जरूर पाहा. "लोड किती?" हा प्रश्न व्यापाऱ्याच्या कोष्टकाला न विचारतां वाहणाऱ्याला विचारावयाचा, हें तेथें रंगानें लिहून ठेवलेलें आहे.

समुद्रावर शिकलेला हा धडा जमिनीवरही शिकावा लागला. २८ डिसेंबर १८७९ च्या वादळी रात्रीं स्कॉटलंडमधील टे नदीवरचा रेल्वेचा पूल, वर गाडी असतांनाच, कोसळला. गाडींतील एकही मनुष्य वांचला नाहीं. आगगाडीचें वजन पुलानें सोसलें असतें; वाऱ्याचा रेटा मात्र हिशेबांत पुरेसा धरलेला नव्हता. तेव्हांपासून इंजिनियर लोक या बाबतींत फार सावध झाले. पुलाचें स्वतःचें वजन तो 'मृत भार', आणि त्यावरून जाणाऱ्या माणसांचा व वाहनांचा तो 'जिवंत भार', असे दोन शब्द त्यांच्या परिभाषेंत आहेत. परिभाषा रूक्ष असते असें म्हणतात. हे दोन शब्द तरी मला तसे वाटत नाहींत.

विजेचा जमाना आला तेव्हां इंजिनियरांनीं हाच शब्द तारांवर चढविला. यंत्राकडून जेवढें काम मागितलें जातें तेवढा त्याच्यावर लोड. खोपोलीच्या वीजघरांतून १९१५ सालीं मुंबईच्या गिरण्यांना जलविद्युत् मिळूं लागली, आणि हा शब्द आपल्या उंबरठ्याशीं आला. तो घरांत शिरला मात्र बऱ्याच काळानें आणि अंधारांतून. २००५ च्या सुमारास महाराष्ट्रांत विजेचा तुटवडा पडला, आणि 'लोडशेडिंग' हा शब्द खेड्यांतील अशिक्षित म्हातारीच्याही तोंडीं बसला. सरकारी मराठींत त्याला 'भारनियमन' असें भारदस्त नांव मिळालें. यंत्राला झेपत नाहीं म्हणून त्याच्यावरचा भार उतरवावयाचा, हा त्याचा अर्थ. यंत्राच्या बाबतींत हें अगदीं योग्यच. परंतु उतरविलेला भार हवेंत विरत नसतो. मुंबई बहुतांशीं उजळलेली राहिली, खेड्यांत तासन्‌तास अंधार राहिला, आणि पिकाला पाणी देण्यासाठीं शेतकऱ्याला मध्यरात्रीं विंचूकाट्यांतून पंपापर्यंत जावें लागलें. तारेवरचा लोड त्याच्या पाठीवर आला. त्याच्यासाठीं रेषा कोणी काढली होती?

मनुष्याच्या अंगावर अशी रेषा काढण्याचे प्रयत्न झालेच नाहींत असें नाहीं. आपल्या देशाच्या १९४८ च्या कारखाना कायद्यांत, इजा होईल इतकें जड ओझें कोणालाही उचलावयास लावूं नये, असें कलम घातलें होतें. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनें १९६७ सालीं याविषयीं करार केला, आणि प्रौढ पुरुषानें नेहमीं वाहावयाचें ओझें ५५ किलोग्रॅमहून अधिक नसावें, अशी शिफारस केली. आणि महाराष्ट्रानें १९६९ सालीं माथाडी-हमालांसाठीं स्वतंत्र कायदा केला. बाजारपेठेंत व गोदामांत पोतीं वाहणाऱ्या या माणसाला तोंपर्यंत निश्चित असा धनी नव्हता, आणि म्हणून त्याच्याविषयीं जबाबदारही कोणी नव्हता. कायद्यानें त्याची नोंद झाली, आणि मजुरी, भविष्यनिर्वाह व उपचार यांची कांहीं व्यवस्था लागली. त्या कायद्याच्या नांवांतच 'माथाडी' हा शब्द आहे, ही मला मोठी मोलाची गोष्ट वाटते. माथ्यावर वाहतो तो माथाडी. इंग्रजी 'लोड'मधून जो नाहींसा झाला होता, तो वाहणारा मनुष्य या मराठी शब्दांत शाबूत आहे.

आतां पुन्हां त्या साखरपुड्याच्या बैठकीकडे वळूं. "लोड घेऊं नका," असें हल्लींचीं मुलें सहज म्हणतात. वडीलधाऱ्यांना तें थोडें उथळ वाटतें, आणि भाषेचें नुकसान झाल्याचीही हळहळ वाटते. मला तसें वाटत नाहीं. सहस्र वर्षें फिरून हा शब्द अखेर एका मनुष्याच्या मनापाशीं येऊन थांबला आहे, आणि तोही "तुला झेपेल तेवढेंच घे" असें सांगण्यासाठीं! प्लिम्सॉलनें पार्लमेंटांत मूठ उगारून जें सांगितलें, तेंच हा नातू आपल्या आजोबांना हंसत सांगत होता. फरक इतकाच कीं, स्वतःच्या माणसाला हें सांगणें सोपें आहे. भाजीची पाटी डोक्यावर घेऊन आपला जिना चढणाऱ्या बाईला, किंवा कपाट पाठीवर घेऊन चौथ्या मजल्यावर येणाऱ्या हमालाला आपण तें सांगतों का, हा प्रश्न आहे. त्यांच्या अंगावर वर्तुळ आणि रेषा काढलेली नसते. ती आपल्या डोळ्यांनीं पाहावी लागते.

तेव्हां पुढच्या खेपेस घरांत कोणी "फार लोड आहे" असें म्हणालें, तर किती, एवढेंच विचारून थांबूं नये. वाट किती लांब आहे, आणि वाहणारें कोण आहे, हेंही विचारावें. शब्दाचा मूळ अर्थ तोच होता. आणि विचारून झाल्यावर, आजोबांप्रमाणें, टेकावयास मराठी लोड पुढें सरकवावा.